एकेचाळीस मिनिटं मागे

कंट्रोलरचं घड्याळ जुळवणं हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात सोपं काम. म्हणूनच त्यात मी माती खाल्ली.

मी मंजुश्री. खामगावच्या एका ठेकेदाराकडे कामाला आहे. जिनिंग, तेलगिरण्या, पाणीयोजना, जिथे कंट्रोलर बिघडला तिथे एसटीने जायचं. कंट्रोलर म्हणजे पॅनलमध्ये बसवलेला एक डबा. कोणतं यंत्र कधी चालू झालं, कुठे पाणी कमी झालं, हे तो वेळेसकट नोंदवून ठेवतो. माणसांशी माझा संबंध कमी. कुठेही गेले की 'मॅडम, चहा' म्हणत ग्लास ठेवतात आणि चार हात लांब जाऊन उभे राहतात. जेवणाचा डबा मी एकटीच खाते. सवय झाली असं सगळ्यांना सांगते, पण झालेली नाही.

गुरुवारी जानेफळच्या पुढे एका पाणीयोजनेवर पाठवलं. मालकाने फोनवर एवढंच सांगितलं, "तिथल्या नोंदी जुळत नाहीत म्हणे. टाइम सिंक करून ये."

फाटक उघडलं ते तिथल्या ऑपरेटरने, कारभारी काकांनी. वय साठीच्या आसपास. बायको वारलेली. प्लांटवरच्याच एका खोलीत राहतात. शेजार म्हणाल तर पाण्याची टाकी. चहा देताना न विचारताच सांगितलं, "माही काजल पुण्यात कंपनीत हाये. रोज बाराले फोन असते आमचा." मी हं म्हटलं. मला परतीची तीन चाळीसची एसटी दिसत होती.

काम असं होतं. कंट्रोलरला इंटरनेटवरच्या वेळेच्या सर्व्हरचा पत्ता द्यायचा, दर तासाला त्याला वेळ विचारत जा म्हणून सांगायचं आणि आपल्या देशाचे साडेपाच तास त्यात मिळवायचे. पत्ता टाकला, तरी उत्तर येईना. बघते तर आधीच्या शहाण्याने गेटवेचा रकाना कोराच ठेवलेला. म्हणजे डब्याला बाहेर जायचा रस्ताच कोणी सांगितला नव्हता. तो भरला. हिरवी खूण आली आणि पडद्यावरची वेळ टुणकन पुढे गेली. मी लॅपटॉप मिटला.

"झालं ना मॅडम? आता मले काढणार नाहीत ना?" काका म्हणाले.

"तुम्हाला कशाला काढतील?"

मग त्यांनी सांगितलं. सोमवारी दुपारी विहिरीतलं पाणी तळाला गेलं आणि भोंगा वाजला. पंपाचा स्टार्टर जुना, विहिरीवर, कंट्रोलरला न जोडलेला. तो हातानेच बंद करावा लागतो. काका धावत गेले, पंप बंद केला, तरी मोटर जळाली. आधीच दोनदा जळून वायंडिंग भरून घेतलेली मोटर, ती किती तग धरणार! पण बारा गावं तीन दिवस कोरडी राहिली आणि कोणाच्या तरी माथी मारणं भाग होतं. कंट्रोलर म्हणतो, पाणी संपल्याचा भोंगा दोन चौदाला वाजला. काकांच्या रजिस्टरमध्ये पंप बंद केल्याची वेळ दोन सत्तावन. मधली त्रेचाळीस मिनिटं ऑपरेटर झोपला होता, असा आरोप. शुक्रवारी चौकशी. नोकरी गेली की खोलीही गेली. आणि गावात घर उरलेलं नाही.

"मी लगेच बंद केला जी. देवाची आन."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. डब्याचं घड्याळ मागे होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. किती मागे, ते पाहिलं नव्हतं. घड्याळाला हात लावण्याआधी जुनी वेळ लिहून घ्यायची, हा आमच्या कामाचा पहिला नियम. नव्या पोरांना मी तोच ओरडून ओरडून शिकवते. आणि स्वतः? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. काकांना वाचवणारी एकच गोष्ट त्या डब्यात होती, आणि ती मी एसटीच्या घाईत पुसून टाकली होती.

गाडी गेली. जाऊ दे म्हटलं आणि लॅपटॉप पुन्हा उघडला.

जुन्या नोंदी जुन्याच वेळेने शाबूत होत्या. त्यातली एखादी अशी हवी होती, जिची खरी वेळ दुसरीकडून कळेल. काका रोज दुपारी पॅनलवरचं बटण दाबून क्लोरीनचा पंप चालू करतात, त्याची नोंद रोजची होती. मी रजिस्टर मागितलं. क्लोरीन चालू, १२:००. दुसऱ्या दिवशी १२:००. महिनाभर १२:००, एकाच पेनने, आठवडा आठवडा एकाच बैठकीत लिहिलेलं.

"काका, हे काय आहे?"

"सारेच तसं लिहितात मॅडम. शनवारी बसून भरून टाकतो."

"मग सोमवारचं दोन सत्तावन?"

"ते मोबाइलात पाहून लिहिलं. मोटर जळाली म्हणून भेव वाटलं, म्हटलं बरोबर लिहा लागन."

महिनाभर खोटं लिहिलं ते खपलं, आणि एकदाच खरं लिहिलं तेच अंगाशी आलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी चिडले, बरंच बोलले. काका मान खाली घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "पण क्लोरीन मी बाराच्या ठोक्याले लावतो. हे खरं हाये."

"कशावरून?"

काकांनी खिशातल्या फोनवर हात ठेवला. "बटण दाबलं का तिथंच उभं राहून काजलले फोन लावतो."

"मग दाखवा फोन!" मी जवळपास ओरडलेच. फोनमधली वेळ कंपनीच्या टॉवरवरून येते, ती चुकत नाही. काका फोन देईनात. शेवटी मीच हात पुढे केला, तेव्हा तो दिला आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

काजल, १२:००. काजल, १२:०१. काजल, १२:००. रोज एक. आणि प्रत्येकासमोर तेच: उचलला नाही. मी बोटाने वर सरकवत गेले. महिना संपला, त्याआधीचा संपला. एकही फोन उचललेला नव्हता.

"दोन वर्षं झाली," खिडकीकडे पाहतच ते म्हणाले. "तिनं आपल्या मनानं लगन केलं. मी म्हटलं, मले पोरगी नाही. अशी दारात उभी होती ती."

मी वही काढली आणि डब्यातल्या क्लोरीनच्या वेळा फोनमधल्या वेळांशेजारी मांडायला लागले. महिन्यापूर्वी डबा एकोणचाळीस मिनिटं मागे होता. रोज चार-पाच सेकंदांनी आणखी मागे पडत, सोमवारी एकेचाळीस. दोन चौदात एकेचाळीस मिळवा. भोंगा दोन पंचावन्नला वाजला आणि दोन सत्तावनला पंप बंद झाला. विहिरीपर्यंत चालायलाच दोन मिनिटं लागतात.

"काका, वाचलात तुम्ही!"

"हे साऱ्याईले दाखवा लागन का?"

"हो."

"उचलला नाही, तेही?"

"तेही."

ते खाटेवर बसले. "राहू द्या मॅडम. काढू द्या मले." इथल्या प्रत्येकाला त्यांनी दोन वर्षं सांगितलं होतं की पोरीशी रोज बोलणं होतं. त्या माणसाकडे तेवढी एकच मिरवायची गोष्ट होती, आणि ती मी मागत होते. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. पाया पडायचंच काय ते बाकी होतं. अंधार पडायच्या आत ते कसेबसे हो म्हणाले.

शुक्रवारी बाराला चौकशी बसली, पॅनलच्याच खोलीत. चौकशी अधिकारी उत्तमराव साहेब आले, सोबत योजनेवरचे आणखी तीन ऑपरेटर. आधी मी माझी चूक सांगितली. साहेबांनी मला पाच मिनिटं झापलं, ते बरोबरच होतं. मग मी फोनची यादी वाचली, मोठ्याने. "उचलला नाही, उचलला नाही..." भागवत नावाच्या ऑपरेटरने काकांकडे पाहिलं आणि मान वळवली. काका भिंतीला टेकून उभे होते, हात मागे बांधून.

"फोनचं घड्याळही मागंपुढं करता येतं," साहेब म्हणाले. "समोरच्या फोनवरही नोंद असेल ना? नंबर द्या." आणि स्वतःच्या फोनवरून, स्पीकर लावून, त्यांनी काजलला फोन केला. सव्वाबारा झाले होते.

दुसऱ्या रिंगला तिने उचलला. "हॅलो?"

काकांचे हात सुटले. साहेबांनी आपण कोण ते सांगितलं, विचारलं, वडिलांचा फोन येतो का, किती वाजता.

"रोज बाराला. माझी जेवणाची सुट्टी असते तेव्हा," ती म्हणाली. मग घाईघाईने, "आजच आला नाही. त्यांना काही झालंय का?"

साहेबांचा आवाज उतरला. "नाही बेटा, बरे आहेत. इथंच आहेत. बोलतेस?"

तिने पुन्हा खात्री केली. "बरे आहेत ना? मग नको." तिने सोमवारच्या नोंदीचा फोटो पाठवते म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. फोटो दोन मिनिटांत आला. १२:००, अप्पा.

साहेबांनी कागदावर सही केली. ऑपरेटरचा दोष नाही. सगळे गेले, जाताना भागवतने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. पॅनलपाशी जाऊन काकांनी क्लोरीनचं बटण दाबलं. कंट्रोलरने नोंद केली, एक वाजून चार मिनिटं, अगदी बरोबर. मग त्यांनी खिशातून फोन काढला, त्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "तिची सुट्टी सरली असन आता."

"लावून तर पाहा काका."

"नाही," ते म्हणाले. "उद्या करतो. बाराले."