एकही म्हातारं माणूस नाही

"लष्कराच्या भाकऱ्या भाजायला परदेशात कशाला जायला हवं? इथे काय कमी आहेत?" मी निघाले तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं. मी बॅग भरत राहिले.

विमा कंपनीत लोकांच्या दाव्यांचे आकडे तपासता तपासता माझं अर्धं डोकं पिकलं. मग सहा महिने बिनपगारी रजा काढली आणि निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत स्वयंसेवक म्हणून दाखल झाले. निळी जाकिटं घातलेली पोरंपोरी टॅबलेट घेऊन छावणीच्या शेडमध्ये जातात, कुटुंबांना प्रश्न विचारतात, ती उत्तरं माझ्या कॉम्प्युटरवर येतात. मदत कुठे पोचली, कुठे अडली, हे त्यातून मी शोधून काढायचं. थोडक्यात, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं. हे काम मला जन्मापासून येतं, फक्त इथे त्याबद्दल कोणी मला बोलत नाही.

आमचे साहेब माझ्या भाच्याच्या वयाचे. मुलगा गुणी, पण आकडा नीटनेटका दिसला की लगेच विश्वास ठेवणारा. त्या बुधवारी सात नंबरच्या शेडचा तक्ता उघडला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. साठीच्या पुढची माणसं: शून्य. मागच्या महिन्यात त्याच शेडमध्ये जवळजवळ प्रत्येक कुटुंबात एक तरी आजी नाहीतर आजोबा होते.

"नातेवाइकांकडे गेले असतील," साहेब म्हणाले.

"सगळ्यांचे नातेवाईक एकाच महिन्यात उगवले?"

"मग तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटत होतं ते तोंडाने बोलवत नव्हतं. थंडी वाढली होती, छावणीत ताप फिरत होता आणि शेडच्या पत्र्याला रात्री दव नाही, बर्फ धरायचा. तिथल्या एका आजोबांना मी स्वतः भेटले होते. "चालताना त्रास होतो का?" असं मी विचारल्यावर ते म्हणाले होते, "चालण्याचा नाही होत, चालायला लावणाऱ्यांचा होतो." आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले होते. आता तक्त्यात त्यांच्या कुटुंबापुढे ते नव्हते. सून होती, तिची तीन मुलं होती, बस.

त्यात शुक्रवार दोन दिवसांवर आला होता. नगरपालिकेने शाळेची एक जुनी इमारत दिली होती, तिथे गरम हवेची सोय होती. म्हातारी माणसं शुक्रवारी तिकडे हलवायची होती. ज्या शेडमध्ये ती नाहीतच, त्या शेडच्या वाट्याला काहीच येणार नव्हतं. म्हणजे आजोबा गेले असतील तर गेलेच, आणि असतील तर उरलेला हिवाळा पत्र्याखाली काढणार.

आमची पद्धत अशी, की शेडच्या मुकादमाला आदल्या दिवशी निरोप द्यायचा: उद्या येतोय. मी निरोप दिला नाही. निळं जाकीटही खुर्चीवरच ठेवलं आणि दुभाषीबाईंना घेऊन निघाले. या बाई स्वतः निर्वासित, मायदेशी शाळेत शिकवायच्या. अजूनही बोलतात ते मागच्या बाकावरच्या मुलाला ऐकू जाईल अशा बेताने.

शेडमध्ये चादरी लावून खोल्या पाडल्या होत्या. सून पलंगावर बसून बटाटे सोलत होती. मला पाहून तिची सुरी थांबली.

"घरात किती माणसं?" मी विचारलं, बाईंनी सांगितलं.

"मी आणि तीन मुलं."

"आणि सासरे?"

"नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"नाहीत म्हणजे नाहीत."

मी इकडेतिकडे पाहिलं, तर फळीवर काचेचा ग्लास आणि ग्लासातल्या पाण्यात कवळी. मी सुनेकडे पाहिलं. तिचे सगळे दात जागच्या जागी होते, कारण ती ते माझ्यावरच खात होती. मुलं तर पाच-सहा-आठ वर्षांची.

मी काही बोलणार एवढ्यात मागची चादर हलली आणि आजोबा आत आले. तोंडाचं बोळकं, डोक्यावर लोकरी टोपी. तावातावाने काहीतरी म्हणाले.

"म्हणतायत, तिकडे पाव वाटला आणि मी दात इथेच विसरलो," बाईंनी सांगितलं.

मग त्यांना मी दिसले. क्षणभर थबकले आणि तसेच उलट पावली चादरीमागे गेले. चादर गुडघ्यापर्यंतच होती. खाली त्यांचे दोन पाय अगदी निश्चल उभे होते, जणू मला पायांचं काही कळणारच नव्हतं. धाकटं पोर खुदकन हसलं. मी पलंगावर बसले, हसले, आणि हसता हसता डोळ्यांना धार लागली. जीव भांड्यात पडतो म्हणतात तो कसा, ते मला त्या दिवशी कळलं.

मग कळलं, सगळी म्हातारी मंडळी कपडे धुण्याच्या खोलीत होती. निरोप आला की आदल्या रात्रीच ठरायचं, सकाळी सगळ्यांना मशीनमागे बसवून ठेवायचं. हल्ली कोणावर भरवसा नाही म्हणून रोजच बसवत होते. खोली छावणीतली सगळ्यात उबदार, त्यामुळे कोणाची तक्रार नव्हती.

सुनेला मात्र हसू आलं नाही. "घ्या, लिहा," ती म्हणाली. "आणि पाठवा गाडी."

"कसली गाडी?"

गेल्या महिन्यात शेडमधल्या दोन एकट्या आजींनी आमच्या पोरांना सांगितलं होतं, की चालता येत नाही. आठवड्याने गाडी आली, दोघींना शहरातल्या हॉस्पिटलात घेऊन गेली. त्या परत आल्या नाहीत. लोकांनी बरोबर हिशेब मांडला: म्हातारं माणूस आहे म्हटलं की गाडी येते. दुधाने तोंड पोळलेली माणसं, ताक फुंकून पिणारच.

"जिवंत आहेत का त्या?" सुनेने विचारलं.

मला माहीत नव्हतं. आमच्या तक्त्यात "हॉस्पिटलला पाठवलं" असा रकाना होता, "मागे राहिलेल्यांना कळवलं" असा नव्हता. तो कोणाला सुचलाही नव्हता, मलासुद्धा. मी तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. आजूबाजूच्या चादरी बाजूला सरल्या, माणसं जमली. फोनमध्ये बराच वेळ गाणं वाजत राहिलं. त्या गाण्याइतकं भिकार गाणं मी आयुष्यात ऐकलं नसेल. वाईट बातमी आली तर या सगळ्यांच्या तोंडाकडे कसं पाहायचं, एवढंच मनात घोळत होतं.

शेवटी नर्सने फोन नेऊन कोणाच्या तरी हातात दिला आणि एक खणखणीत आवाज कडाडला. शेडमध्ये हशा पिकला.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दुसरी शेजारच्या खाटेवर आहे, घोरते. आम्ही मेलो की जगलो हे महिनाभर कोणी विचारलं नाही, म्हणून चिडल्यात," बाई म्हणाल्या. "पुढचं भाषांतर मी करणार नाही."

मला वाटलं, झालं, सुटलो. पण सून तशीच उभी होती.

"त्या बऱ्या आहेत, चांगलं झालं. पण शुक्रवारी म्हाताऱ्यांना हलवणार म्हणे, यांना कुठे नेणार?"

"गरम इमारतीत."

"आणि मला? मुलांना?"

ठरलं होतं ते फक्त म्हाताऱ्यांचं.

"वाटेत माझा नवरा गेला, सासू गेली," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "त्या घरातले हे एवढेच उरलेत. कुडकुडतील, पण माझ्यापाशी कुडकुडतील."

मला राग आला. तिचा नाही, आमचाच. अख्ख्या ऑफिसात कोणाच्या डोक्यात आलं नाही, की आजोबा एकटे राहत नसतात, ते कोणाचे तरी असतात. मी बाहेर जाऊन साहेबांना फोन लावला.

"साहेब, म्हाताऱ्यांना वेगळं न्यायचं असेल, तर सात नंबरमध्ये म्हातारं माणूस एकही नाही. कुटुंबं एकत्र न्यायची असतील, तर भरपूर आहेत. कुठला आकडा देऊ?"

"खरा कुठला आहे?"

"दोन्ही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मला जरा वेळ द्या."

तो वेळ मी पत्र्याला टेकून काढला, हात काखेत घालून. पोरगा नुसता आज्ञाधारक निघाला तर काय, हा विचार येत होता. फोन वाजला तेव्हा माझ्या बोटांना बटण दाबता येईना.

"वरचा मजला मिळतोय," साहेब म्हणाले. धापा टाकत होते, नगरपालिकेचे जिने चढले असावेत. "हॉल आहे, आडोसा आपल्याला करावा लागेल. फार दाटीवाटी होईल, ताई. पण घरंच्या घरं जातील. कोणाला वेगळं करायचं नाही, मी लेखी घेतलंय."

साहेबांनी मला पहिल्यांदाच ताई म्हटलं. मी मनातल्या मनात त्यांच्यासाठी शंभर वर्षं आयुष्य मागितलं, आणि शेडमध्ये अक्षरशः पळत गेले.

सुनेने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पुन्हा सांगा." बाईंनी पुन्हा सांगितलं, या खेपेला शाळा भरल्यासारख्या आवाजात, शेडच्या टोकापर्यंत. धुण्याच्या खोलीचं दार उघडलं. एक आजी डोकावल्या, मग त्यांच्या मागून एक आजोबा, मग कोणीतरी घोंगडी ओढत, कोणी काठी टेकत, हातात पत्ते तसेच धरलेले. प्रत्येकाला न्यायला कोणीतरी धावलं. शेडमध्ये एकदम गलका झाला. मी कोपऱ्यात उभी राहून नाक पुसत होते आणि थंडीमुळे पुसतेय असं दाखवत होते.

सून पलंगावर बसली. आता जवळून पाहिलं तर तिचे डोळे सुजलेले होते. तिने बाईंना हळूच काहीतरी विचारलं.

"ती म्हणते, महिना झाला, गाडीचा आवाज आला की उठून बसते. जरा पडावंसं वाटतंय." बाई थांबल्या. "म्हणते, तोवर तुम्ही सासऱ्यांपाशी बसाल का?"

मी हो म्हणाले. ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि मुलं अंगावर पांघरूण टाकेपर्यंत झोपलीसुद्धा. आजोबांनी मला शेजारी जागा करून दिली, ओठांवर बोट ठेवलं आणि पत्ते वाटायला घेतले.