कोरड्या पाणवठ्याच्या नोंदी

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी चोपड्याच्या ऑफिसात अभिनंदनाचा मेल आला, तेव्हा सारिका ओला टॉवेल मानेवर घेऊन पंख्याखाली बसली होती. दिल्लीच्या मुख्य कार्यालयानं मोठ्या आनंदानं कळवलं होतं की, आपल्या देशभरातल्या पाणवठ्यांत सातपुड्यातला सात नंबरचा पाणवठा यंदा पहिला आला आहे. एप्रिलमध्ये तिथे प्राण्यांच्या नोंदी तिपटीनं वाढल्या. सगळं श्रेय चोपडा टीमचं. खाली टाळ्या वाजवणाऱ्या हातांची पिवळी चित्रं होती.

सारिकानं मेल दोनदा वाचला आणि प्रेमराजला बोलावून त्यालाही वाचायला लावला. प्रेमराज शिरपूरकडचा. जंगलात कॅमेरे लावायचे, त्यांची कार्डं काढून आणायची, हे त्याचं काम. ऑफिसात माणसं ही दोनच. त्यानं शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "यास्ले माहीत नही का, तो कोरडा शे म्हनीसन?"

माहीत असायला हवं होतं. सारिकानं रोजच्या तक्त्यात शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, पाणवठा कोरडा. तीस दिवस, तीस वेळा.

भारतीय अरण्यभूमी न्यास ही मोठी धर्मादाय संस्था. रानं वाचवायची, हे तिचं काम, आणि तिथली माणसं मनापासून चांगली आहेत, हे आधीच सांगितलेलं बरं. कारण पुढे जे झालं त्यात दुष्ट माणूस शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. तीन वर्षांपूर्वी न्यासानं डोंगराच्या पायथ्याला, सपाट जागा बघून, सिमेंटची एक मोठी उथळ बशी बांधली, तोच हा सात नंबरचा पाणवठा. समोरच्या सालईच्या झाडाला कॅमेरा बांधला. उन्हाळाभर एक दिवसाआड टँकर जायचा आणि बशी भरायचा. जागा सारिकानंच निवडली होती. ती पहूरची. एवढं शिकून जंगलात पाणी भरत हिंडते म्हणून आई अजून डोक्याला हात लावते, पण तिला ते काम प्राणाइतकं आवडायचं.

टँकर हिलाल आबांचा. आबा पायथ्याच्या गावचे केळीवाले शेतकरी, सत्तरीला टेकलेले, पण ट्रॅक्टर दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. यंदा फेब्रुवारीअखेर त्या बशीवर एक अस्वलीण यायला लागली. पाठीवर दोन पिल्लं, आईच्या केसांना घट्ट धरून बसलेली. रोज दिवेलागणीला एकदा यायची, पोटभर प्यायची आणि जायची. सारिका फोनवर फोटो दाखवायची तेव्हा आबा चष्मा पुसून बघायचे. त्यांनी तिला काळी अक्का असं नावही ठेवलं होतं. टँकर रिकामा करताना, अक्का, पोरांना घेऊन ये गं, असं रानाकडे तोंड करून सांगायचे.

प्रकल्प तीन वर्षांचा होता. तो एकतीस मार्चला संपला. पुढची मंजुरी जुलैत. उन्हाळा मात्र कुणाच्या मंजुरीची वाट बघत नाही. टँकर जंगलात सोडायचं पत्र प्रकल्पाच्या नावावर होतं, तेही त्याच दिवशी संपलं. एक एप्रिलला आबा भरलेला टँकर घेऊन नाक्यावर गेले, तर वनरक्षक भिकननं साखळी काढली नाही. बिचारा हात जोडून म्हणाला, पत्र आणा, मी स्वतः ढकलत नेतो. कॅमेऱ्यांचं पत्र वेगळं होतं, ते जूनअखेरपर्यंत चालू होतं. म्हणजे बघायची परवानगी होती, पाजायची नव्हती.

आणि बघायला काय होतं? पाणी असताना अक्का एकदा यायची, म्हणजे नोंद एक. बशी आटल्यावर ती दिवसातून चार-पाच वेळा येऊ लागली. यायची, हुंगायची, जायची, थोड्या वेळानं परत यायची. तीन वर्षं इथे पाणी मिळालेलं, मग आज नाही हे तिला कोण समजावणार? भेकरं, रानडुकरं, वानरं, सगळ्यांचं तेच. कॅमेरा इमानदार, प्रत्येक खेपेची नोंद करायचा. दिल्लीच्या आलेखात नोंदींचा रकाना जायचा, शेऱ्यांचा जायचा नाही.

सारिकानं नागपूरला फोन लावला. तिथले विभागप्रमुख तिचे वरिष्ठ; नाव नवीन, सगळे त्यांना नवीन सर म्हणायचे. पंधरा वर्षं वाघांमागे उन्हातान्हात फिरलेला आणि आता खुर्चीला बांधला गेलेला माणूस. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "सारिका, मला कळतंय. मीही लिहिलं होतं. पण तो आलेख शुक्रवारी देणगीदारांपुढे दाखवून झाला. त्याच आलेखावर जुलैची मंजुरी मिळणार आहे. तो चुकीचा आहे असं आता सांगितलं, तर जुलैतही पाणी नाही."

तिनं बरं सर म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर कितीतरी वेळ ती स्वतःवरच चिडत राहिली. बरं काय होतं त्यात?

दुसऱ्या दिवशी ती आणि प्रेमराज पाठीवर पाण्याचे कॅन बांधून निघाले. कॅमेऱ्याचं पत्र दाखवून आत गेले. भिकननं कॅनकडे पाहिलं आणि मान वळवून बिडी पेटवली. चार किलोमीटरची पायपीट, अंगाची लाही लाही. पोहोचल्यावर बशीत पाणी ओतलं तर तळसुद्धा पुरता झाकला नाही. ती दोघं वळणापर्यंत आली नसतील, तोवर वानरांची टोळी उतरली. नंतर कार्डात दिसलं, ऊन कलल्यावर अक्का आली, तेव्हा फक्त ओला डाग उरला होता. तिनं तो चाटला. त्या दिवशीच्या नोंदी आणखी वाढल्या. तीन दिवस त्यांनी हे केलं. चौथ्या दिवशी प्रेमराजला ऊन लागलं आणि त्याला दवाखान्यात सलाइन लावावं लागलं.

सारिका आबांकडे गेली. आबा गोठ्यापाशी बाजेवर बसले होते. तिनं विचारलं, "आबा, आमची बशी नव्हती तेव्हा ही जनावरं कुठे पाणी प्यायची?"

विचारता विचारताच तिला उत्तर आठवलं.

बशीच्या वरच्या अंगाला, खडकाच्या पोटात एक झिरा होता. पिढ्यान् पिढ्या गावाची रीत होती. धुळवड झाली की पहिल्या बुधवारी घरटी एक माणूस फावडं घेऊन डोंगरात जायचा. वर्षभराचा गाळ, पाला उपसून झिरा मोकळा करायचा, एक नारळ फोडायचा, तिथेच भाकरी खायची आणि उन्हं उतरायच्या आत परत यायचं. पाणी माणसासाठी नव्हतंच. ते जनावरांचं, असं सगळे म्हणायचे आणि कारण कुणी विचारायचं नाही. न्यास आला, त्या पहिल्या वर्षी सारिकानंच गावात बैठक घेतली होती. आता आपण पाणी देतोय, जंगलात माणसांची वर्दळ नको, झिऱ्यावर जाणं थांबवा. गावानं ऐकलं. पोरगी शिकलेली, चांगल्यासाठी सांगते. त्या वर्षीच्या अहवालात तिनं अभिमानानं लिहिलं होतं, झिरा उपसण्याच्या निमित्तानं होणारा मानवी हस्तक्षेप पूर्ण थांबला. दिल्लीहून तेव्हाही टाळ्या आल्या होत्या.

"आबा, मीच थांबवलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

आबांनी तिचं बोलणं उडवून लावलं. "तुम्ही पानी आनी दिन्हं. मंग आमले कसाले जानं पडस?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. तिनं मान खाली घातली. आबा उठले आणि गोठ्यातून फावडं काढलं.

पायी जायला गावाला कुणी अडवत नव्हतं. सारिका धरून आठ जण गेले, त्यात आबा सगळ्यात म्हातारे आणि सगळ्यात पुढे. झिऱ्याची जागा सापडायलाच तास गेला. तीन पावसाळ्यांची माती, दगड, त्यावर घाणेरीचं रान माजलेलं. तोडलं, उपसलं. कमरेइतकं खोल गेल्यावर माती गार लागली. सारिकानं मूठभर माती उचलून गालाला लावली आणि तिला हसू आलं. सगळ्यांनाच हुरूप आला. छातीइतकं खोल गेले. मग फावडं खणकन वाजलं. खाली खडक होता. खडकाच्या फटीत बोट घालून बघितलं तर ओल होती, पाणी नव्हतं. ऊन उतरेपर्यंत सगळे त्या फटीकडे बघत बसले. एक थेंब साचला नाही.

आबांनी फावडं खाली ठेवलं आणि कपाळाचा घाम पुसला. "तीन वरीस कोन्हाच हात लागना नही, ताई. पानीनी वाट बुजाई गयी."

नारळ आणला होता. तो फोडायचा की नाही, हे कुणालाच ठरवता येईना. आबांनी तो तसाच पिशवीत घालून परत आणला. उतरताना सारिका सगळ्यात मागे होती. ती रडली, आणि पुढच्या सात जणांपैकी एकानंही मागे वळून पाहिलं नाही. त्या वेळी तिच्यासाठी त्यांना एवढंच करता आलं.

मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या कार्डात अक्काच्या पाठीवर एकच पिल्लू होतं. सारिकानं फोटो मागेपुढे करून बघितले. झाडाआड असेल, मागे राहिलं असेल, म्हणून पुढच्या चारही खेपा बघितल्या. एकच होतं. दुसरं कुठे राहिलं ते कॅमेऱ्याला ठाऊक नव्हतं. तक्त्यात नोंद प्राण्याच्या जातीची असते, पिल्लांचा रकाना नसतो. तिनं शेऱ्यात लिहिलं, एक पिल्लू कमी.

त्याच दिवशी नवीन सरांचा फोन आला. दिल्लीला पहिल्या आलेल्या पाणवठ्याचा फोटो हवा होता. मोठा करून सगळ्या कार्यालयांत लावायचा होता. तिनं मार्चमधला पाठवला. पाण्यात अक्काचं तोंड आणि पाठीवर दोन्ही पिल्लं. दिल्लीनं तो परत केला. बक्षीस एप्रिलपासूनच्या वाढीचं, तर फोटोही त्यानंतरचाच पाहिजे, आणि सगळ्या कार्डांच्या प्रती त्यांच्याकडे असल्यामुळे त्यांनी स्वतःच एक ताजा निवडला. सारिकानं लिहिलं, या फोटोत ती पाणी पीत नाही, कोरडं सिमेंट चाटते आहे, कृपया लावू नका. उत्तर आलं, तुमची भावना समजली, नोंद घेतली आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर कार्डात अक्का आलीच नाही. भेकरं होती, डुकरं होती, ती नव्हती. खाली केळीच्या बागांकडे उतरली असेल, असं प्रेमराज म्हणाला. दोन दिवस त्यानं गावोगाव विचारत मोटरसायकल फिरवली. ठिबकच्या नळ्या चावलेल्या सापडल्या. त्या कुणी चावल्या ते कळलं नाही.

पंधरा जूनला फ्रेम आली. सोबत जुलैपासूनच्या मंजुरीचं पत्र होतं, आणि यशाबद्दल आणखी दोन सिमेंटच्या बश्या मंजूर झाल्या होत्या. प्रेमराजनं खुर्चीवर चढून भिंतीत खिळा ठोकला आणि फ्रेम लावली, कारण लावल्याचा फोटो पाठवायचा होता. खाली लिहिलं होतं, सातपुड्यातल्या तहानलेल्यांसाठी तुमचं पाणी.

दुपारी हिलाल आबा टँकरच्या नव्या पत्राची चौकशी करायला आले. जिना चढून दमले होते. सारिकानं खुर्ची दिली आणि माठातलं पाणी फुलपात्रात भरून हातात ठेवलं. आबांनी फुलपात्र ओठाशी नेलं आणि समोर भिंत दिसली.

ते उठून फ्रेमजवळ गेले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. खाली काय लिहिलंय हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना वाचता येत नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. अक्काची बाहेर आलेली जीभ, तिच्याखालचं पांढरं सिमेंट, पाठीवरची मोकळी जागा, सगळं मोठ्या आकारात लख्ख दिसत होतं.

"ताई, दुसरं पिलू कोठे शे?"

प्रेमराज खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. आबांनी फ्रेमकडे पाठ फिरवली. मग हातातलं भरलेलं फुलपात्र टेबलावर ठेवलं, पत्र आलं की निरोप द्या म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

पाच वाजता ऑफिस बंद करताना सारिकानं पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. फुलपात्र तसंच भरलेलं होतं. ते तिला पिववेना आणि मोरीत ओतवेना. ती ते हातात धरून उभी राहिली, आणि प्रेमराज कुलूप घेऊन दारात वाट बघत राहिला.