मेणबत्तीच्या मागून चालणारा भोपळा

मी एक जुना, वाळका, पोटाला तडा गेलेला भोपळा आहे. हसू नका मित्रांनो. भोपळा म्हटलं की लोकांना हसू येतंच, त्याची मला सवय आहे. दूर परदेशात, बालाटोन नावाच्या तळ्याच्या उत्तर काठावर, बोटीच्या धक्क्यापासून चार पावलांवर रोझालीची खानावळ आहे. तिथे तीन नंबरच्या टेबलावर, भिंतीतल्या खिळ्याला मी लटकतो. जेवायला आलेली माणसं सूप पिता पिता वर बघतात आणि विचारतात, "हा काय हो? भाजीचा भोपळा?" रोझालीची मुलगी एमोके ताटं उचलत म्हणते, "नाही हो, नुसता शोभेचा."

शोभेचा! चाळीस वर्षं मी काम केलं. या खानावळीत असा एक पेला भरला नसेल, ज्यातली वाइन माझ्या पोटातून गेली नाही.

माझा जन्म विहिरीशेजारच्या कुंपणावर झाला. वेंडेलच्या वडिलांनी माझा वेल लावला होता. वेंडेल म्हणजे रोझालीचा नवरा, माझा मालक. आमची जात कडू, बकरीसुद्धा तोंड लावत नाही. पण आमची मान लांब असते आणि त्या मानेसाठीच आम्हाला वाढवतात. म्हातारा रोज सकाळी येऊन मला बोटाने जरासा फिरवायचा, मान वाकडी होऊ नये म्हणून. थंडीभर त्याने मला चुलीवर टांगून वाळवलं. मग मानेचं टोक कापलं, पोटाच्या वर एक बारीक भोक पाडलं आणि बिया झटकून काढल्या. कडवटपणा जावा म्हणून तीनदा वाइन भरून ओतून टाकली. पहिल्या खेपेची मात्र त्याने ओतली नाही, शेजाऱ्याला पाजली. शेजाऱ्याने तेव्हा तोंड कसं केलं होतं, ते सांगून म्हातारा मरेपर्यंत हसत राहिला.

माझं काम सोपं, पण मानाचं. खानावळीच्या मागे टेकडीच्या पोटात तळघर आहे, सतरा पायऱ्या खाली. तिथे आठ मोठी लाकडी पिंपं. पिंपाच्या डोक्यावरचं बूच काढायचं, माझी मान आत सोडायची आणि वरच्या भोकाला तोंड लावून ओढायचं. वाइन सरसर माझ्या पोटात चढते. मग भोकावर अंगठा दाबायचा, मला वर नेऊन पेल्यांवर धरायचं आणि अंगठा सैल करायचा. तुम्ही म्हणाल, शी, हे तर उष्टं! हो, उष्टंच. वेंडेलचं उष्टं सगळं गाव आनंदाने प्यायचं. मालकाने आधी स्वतः चाखून मग पाहुण्याला द्यायची, अशीच तिकडची रीत.

आणि आमची खानावळ स्वस्त होती बरं का! हॉटेलात जे एकट्याचं जेवण व्हायचं, त्यात आमच्याकडे नवराबायको जेवून उठायचे. वाइन घरची आणि मासे ओळखीच्या कोळ्याकडचे. लाल मिरचीने पेटलेलं माशाचं सूप, तळलेला कार्प मासा, पनीर घातलेल्या शेवया आणि वर कुरकुरीत चरबीचे तुकडे. रोझालीच्या हाताला चव होती आणि जिभेला धार. कुणी पानात टाकलं तर ती कमरेवर हात ठेवून विचारायची, "काय रे, मिठात चुकले की तू घरून खाऊन आलास?"

आता मेणबत्तीचं सांगतो. ते सांगायलाच मी तोंड उघडलंय.

शरद ऋतूत द्राक्षांचा रस पिंपात भरला की तो आंबायला लागतो. रात्रंदिवस बुडबुड बुडबुड चालू. त्या बुडबुड्यांतून एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो जड असतो, खाली बसतो, पाण्यासारखा तळघरात साचत जातो. त्यात शिरलेला माणूस दोन श्वासांत खाली बसतो आणि पुन्हा उठत नाही. म्हणून वेंडेल तळघरात जाताना एका हातात लांब लोखंडी काठी धरायचा. तिच्या टोकाला पेटती मेणबत्ती, आपल्या गुडघ्याच्याही खाली, दोन पायऱ्या पुढे. दुसऱ्या हातात मी. मेणबत्ती पुढे, आम्ही मागे. ज्योत जळत असेल तर पुढची पायरी. विझली, तर एक पाऊलही पुढे नाही.

एकदा ती माझ्यासमोर विझली. सातव्या पायरीवर. कुणी फुंकर मारली नाही, वारा नव्हता, नुसती बारीक झाली आणि गेली. वेंडेल तसाच उलट्या पावलांनी वर आला. दारात अंब्रुश उभा होता. अंब्रुश म्हणजे बोटीवरचा तिकीट तपासनीस, वेंडेलचा लहानपणापासूनचा दोस्त, दुपारचं जेवण रोज आमच्याकडेच.

"काय रे, भूत बघून आलास की काय?" अंब्रुश म्हणाला.

"भूत परवडलं लेका," वेंडेल म्हणाला. "भूत निदान दिसतं तरी."

त्या दिवशी तळघराची दोन्ही दारं सताड उघडी ठेवली आणि पाहुण्यांना वर ठेवलेली जुनी वाइन दिली. कुरकुर झाली. वेंडेलने जराही लक्ष दिलं नाही. मला त्याचा किती अभिमान वाटला म्हणून सांगू!

पण माणसाचे गुडघे म्हातारे होतात. एका हातात काठी, एका हातात भोपळा, मग आधाराचा दोर धरायचा कशाने? एका हिवाळ्यात वेंडेलचा पाय सटकला आणि तो तीन पायऱ्या खाली आला. कंबर धरली. सहा आठवडे चुलीशेजारी अंथरुणात. रोझाली एकटी स्वयंपाकही बघायची आणि त्यालाही. त्याला कुशीवर वळवता वळवता ती म्हणाली, "म्हाताऱ्या, आता पुरे. तळघरात वीज घ्यायची. दिवा लागला की तुझा एक हात तरी मोकळा राहील."

"बापाने मेणबत्तीवर दिवस काढले, मीही काढीन."

"बापाची कंबर शाबूत होती. मला विधवा करायचंय का तुला?"

तिने हेच शब्द वापरले, मित्रांनो. मी तिथेच चुलीपाशी टांगलेला होतो.

वेंडेलने दोन वर्षं टाळलं, तिने दोन वर्षं टुमणं सोडलं नाही. शेवटी तो हसून म्हणाला, "बरं बाई, लाव तुझा सूर्य." तारा ओढल्या, वर दाराशी बटण बसलं, खाली मोठा पांढरा दिवा लागला. काय तो उजेड! पिंपांवरची कोळिष्टकंसुद्धा मोजता येत होती. वेंडेल एका हाताने दोर धरून, दुसऱ्या हातात मला घेऊन आरामात उतरायला लागला. रोझालीला रात्री झोप लागायला लागली. लोखंडी काठी काही दिवस दाराशी टेकून होती, मग ती माळ्यावर गेली. दिवा आहे म्हटल्यावर मेणबत्ती कशाला, असं सगळ्यांनाच वाटलं. खोटं कशाला बोलू? मलाही वाटलं.

पुढची दोन वर्षं गारांनी द्राक्षं झोडपली. आठातली तीन पिंपंही धड भरली नाहीत. वायू झाला असेल, पण थोडका. काही बिघडलं नाही, म्हणून कुणाला काही आठवलंही नाही. तिसऱ्या वर्षी मात्र द्राक्षं अशी लगडली की आठही पिंपं काठोकाठ भरली. वेंडेल पोरासारखा खूश होता. गांधीलमाश्या गोड रसावर येतात म्हणून त्याने तळघराची दारं घट्ट लावून घेतली.

ऑक्टोबरातला रविवार होता. दुपारची वेळ, चर्च नुकतं सुटलेलं. खानावळीत बसायला जागा नव्हती. त्या दिवसांत लोक अर्धी आंबलेली, गढूळ, गोड वाइन मागतात, तिला तिकडे मुर्त्सी म्हणतात. ती वर्षातून दोनतीन आठवडेच मिळते.

"वेंडेल, मुर्त्सी आहे की नुसत्याच बाता?" अंब्रुश टेबलावर थाप मारून ओरडला.

"आहे रे, दम धर! बायकोचं ऐकत नाहीस आणि माझ्यावर ओरडतोस."

"मला बायको आहेच कुठे?"

"म्हणूनच तर!"

सगळे हसले. वेंडेलने मला खुंटीवरून काढलं. आतून रोझाली ओरडली, "दिवा लाव आधी, धडपडशील!" त्याने बटण दाबलं, दार उघडलं. खाली लख्ख उजेड. तो जुनं काहीतरी गुणगुणत उतरला. पाचवी पायरी, सहावी, सातवी. तिथे मला ती विझलेली ज्योत आठवली. पण भोपळ्याला कुठे ओरडता येतं? दहाव्या पायरीवर त्याचं गुणगुणणं थांबलं. तो दोर धरून खाली बसला, जरा दमल्यासारखा. मग दोर सुटला. मी त्याच्या हातातून निसटलो, तीन पायऱ्या गडगडलो, आणि तिथेच माझ्या पोटाला हा तडा गेला.

वर खुर्च्या सरकल्या. अंब्रुश दारात आला, त्याने खाली पाहिलं आणि "वेंडेल!" करत धावत सुटणार, एवढ्यात रोझाली मागून आली. तिने त्याच्या कोटाला मागून गच्च धरलं. हातातला झारा कुठे पडला तिला कळलंसुद्धा नाही.

"सोड वहिनी! दिसतोय तो! हा काय इथे!"

"मेणबत्ती आणा," रोझाली म्हणाली. आवाज तिचा नव्हताच. "कुणीतरी मेणबत्ती आणा रे!"

एमोकेने चर्चमधून आणलेली मेणबत्ती पेटवून दिली आणि अंब्रुशला मिठी मारून अडवलं. रोझालीने ती खाली वाकून पुढे धरली आणि एकेक पायरी उतरली. पाचव्या पायरीवर ज्योत गेली. ती वर सरकली, पुन्हा पेटवली, पुन्हा उतरली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा काडी न ओढता ती वर आली आणि तिने अंब्रुशला पुन्हा गच्च धरलं.

आणि खाली, मित्रांनो, तो दिवा तसाच लख्ख जळत होता. त्याला हवा लागतच नाही. वेंडेलच्या पांढऱ्या मिशा, त्याचा उघडा हात, सदऱ्याचं तुटलेलं बटण, सगळं वरून स्वच्छ दिसत होतं. पाच पायऱ्यांचं अंतर. अंब्रुश रडत होता, शिव्या घालत होता, तिचे हात सोडवत होता. तिने त्याला सोडलं नाही. नवरा डोळ्यांसमोर पडलाय आणि ती दुसऱ्याच माणसाला जिवाच्या आकांताने धरून ठेवतेय. अग्निशमन दलाची माणसं तोंडाला नळ्या लावून येईपर्यंत तिने त्याला तसंच धरून ठेवलं. अंब्रुश आज जिवंत आहे तो त्यामुळे. वेंडेल राहिला नाही.

त्यांनी आधी त्याला वर नेलं. मला कुणीतरी दुसऱ्या दिवशी आणलं.

त्यानंतर माझा काही उपयोग उरला नाही. तडा गेलेल्या पोटात वाइन ठरत नाही. एमोकेने तळघरात पंखे बसवले, भिंतीवर वायू ओळखणारं यंत्र लावलं, वाइन आता नळीतून वर येते. शहाणी पोर आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. मला टाकून द्यायचं चाललं होतं. रोझालीनेच मला उचललं, फडक्याने पुसलं आणि या खिळ्याला टांगलं. पुसताना एवढंच म्हणाली, "तू तरी सांगायचं होतंस रे." त्यानंतर आठ वर्षांत तिने माझ्याकडे मान वर करून बघितलेलं नाही. लोक तिला सांगून थकले की तुझी चूक नाही, तू त्याच्या जिवासाठीच दिवा लावलास. ती ऐकून घेते आणि कांदा चिरत राहते. आता कुणी पानात टाकलं तरी ती काही बोलत नाही.

मी काय समजूत घालणार? सातव्या पायरीवर मला आठवलं होतं. आठवूनही मला ओरडता आलं नाही, हे तिला माहीतसुद्धा नाही.

खानावळ चालू आहे. सूप तसंच लाल आहे, भावही फारसे वाढलेले नाहीत. एक गोष्ट नवी आहे. प्रत्येक टेबलावर मेणबत्ती असते, भर दुपारीही, उन्हातही. रोझाली सकाळी स्वतः एकेक पेटवते. पाहुण्यांना फार आवडतं. "अय्या, किती छान!" म्हणत ते फोटो काढतात. ती आत जाऊन पाठ करून उभी राहत नाही. चुलीची जागा तिने बदलून घेतली आहे, दारातून सगळी टेबलं दिसतील अशी.

मागच्या रविवारी माझ्याच टेबलावर एक कुटुंब जेवत होतं. मुलगी सहासात वर्षांची, शेवया खाऊन कंटाळलेली. तिने गंमत म्हणून गाल फुगवले आणि फू करून मेणबत्ती विझवली. आत भांडं पडल्याचा आवाज झाला. रोझाली धावत आली. तिने त्या मुलीला उचललं आणि सरळ बाहेर अंगणात, हवेत नेऊन उभं केलं. मग परत येऊन सगळ्या खिडक्या उघडल्या, दार उघडलं. बाहेर तळ्यावरून बोचरा वारा येत होता. त्या वाऱ्याने बाकीच्या टेबलांवरच्या मेणबत्त्याही एकेक करून विझल्या. रोझाली भिंतीला टेकून त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिच्या तोंडून बारीक आवाज निघायला लागला. एमोके येऊन "आई, वारा आहे गं, नुसता वारा आहे," म्हणत होती. ते तिला ऐकू जात नव्हतं. कोपऱ्यात अंब्रुश पेल्यावर डोकं ठेवून बसला होता.

मित्रांनो, तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू माळ्यावर टाकाल, तेव्हा ती आणखी कुठलं काम गुपचूप करत होती का, हे आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. मला एवढंच सांगायचं होतं. आणि कधी त्या तळ्याकाठी गेलात, तर आमच्याकडे जेवायला नक्की जा. सूप घ्या, शेवया घ्या, हवं तर मला हसा. फक्त टेबलावरची मेणबत्ती फुंकू नका.