सुंदरीच्या नावानं

"ही सुंदरी कोण?" वकील अक्षताबाईंनी चष्मा कपाळावर सारून विचारलं.

"माझी धाकटी जाऊ."

"मग तिचा रिपोर्ट तुमच्या फाइलमध्ये कसा?"

गुणमालाने पदर नीट केला, मग परत नीट केला. सांगलीच्या त्या चिंचोळ्या ऑफिसात पंखा गरगरत होता, तरी तिला दरदरून घाम सुटला होता.

"रिपोर्ट माझाच हाय, मॅडम. नाव तेवढं तिचं दिलतं."

आता बोला! पण वकीलबाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. उलट त्यानेच गुणमालाला रडू फुटलं.

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर तिला परत रक्त जायला लागलं, तेव्हा नेमकं लेकीला, ब्राह्मीला, स्थळं येत होती. मुलीचं शिक्षण लोक एकदा विचारतात, घरातली दुखणी चारदा. डॉक्टर तालुक्याचा, तिथं तिला ओळखणारं कुणी नव्हतं. पण तपासणीचे रिपोर्ट यायचे गावातल्या मेडिकलमध्ये, आणि मेडिकलवाला पाकीट हातात द्यायच्या आधी स्वतः वाचायचा. सुंदरीचा मुलगा आर्जव तेव्हा अजून शिकत होता, तिच्या घरात लग्नाचं कुणी नव्हतं. म्हणून गुणमालाने जावेचं नाव सांगितलं, आणि ते जावेलाही कळू दिलं नाही. डॉक्टरने रिपोर्टवर नजर फिरवली, "या वयात चालायचंच," म्हणून गोळ्या लिहून दिल्या. दीड वर्ष तिने त्या इमानेइतबारे गिळल्या. मग मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, तिसरी पायरी.

"इथं स्पष्ट लिहिलंय," अक्षताबाई रिपोर्टवर बोट ठेवून म्हणाल्या, "पेशी संशयास्पद, ताबडतोब तुकडा काढून तपासा. हे वाचून गोळ्या देणं म्हणजे निष्काळजीपणाच. ग्राहक आयोगात जाता येतं, मेडिकल कौन्सिलकडंही. दुसऱ्या डॉक्टरचं मत मी मिळवते. पण आयोगाला दोन वर्षांची मुदत असते, आणि रिपोर्टची तारीख बघता पुढच्या महिन्यात ती संपते. उशीर माफ होतो कधीकधी, त्याच्या भरवशावर राहू नका."

"आनि नावाचं?"

"जावेनं लिहून द्यावं, की मी त्या दवाखान्यात कधी गेलेच नाही. ते नसेल तर तुम्ही दवाखान्यात अर्ज द्या. सुंदरी म्हणून आलेली बाई मीच, नाव या कारणानं बदललं, माझे कागद द्या. शिक्क्याची पोच घ्या. पण मग ते कारण चारचौघांत जाईल."

गुणमाला घरी आली तेव्हा सुंदरी सोप्यात बेदाणा निवडत बसली होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"माझं नाव? आवं अक्का, मला इचारायचं तरी!"

"चुकलं माझं."

"आर्जवचा साखरपुडा पंधरा दिसांवर आलाय. माझं नाव कॅन्सरसंगं आलं तर ती मानसं थांबतील व्हय? पाया पडते, सई तेवढी मागू नका."

भांडायचं तरी कुठल्या तोंडाने? दोन वर्षांपूर्वी गुणमाला जिथं अडकली होती, तिथंच आज सुंदरी अडकली होती. गुणमालाने सासरी गेलेल्या ब्राह्मीला फोन लावला. "बरी हायस न्हवं?" एवढंच विचारून ठेवून दिला.

"गप बस आता," नवरा मदन म्हणाला. "डाक्टरला शिक्षा झाली म्हणून तू बरी हुनार हायस व्हय? आनि लेकीच्या सासरी कळलं तर?"

"कळू दे. मरायची ती मरीन, पर सुंदरी म्हणून न्हाई मरायची."

पाचव्या दिवशी ती तालुक्याची एसटी धरून निघाली.

कंपाउंडरने अर्ज वाचला आणि खिडकीतून परत सरकवला. "सुंदरीताईंना घेऊन या. त्यांचे कागद तुम्हाला देता येत नाहीत."

"त्या कवा आल्याच न्हाईत. मीच आलते."

"मग नाव का खोटं सांगितलं?"

बाकांवर आठदहा बायका होत्या. कोपऱ्यातली बाई ब्राह्मीच्या सासरच्या गल्लीतली होती. ब्राह्मीला याच गावात दिली होती. गुणमालाने तिला पाहिलं, तिनेही हिला पाहिलं. क्षणभर वाटलं, अर्ज घ्यावा आणि सरळ स्टँड गाठावा.

"लेकीचं लगीन मोडंल म्हणून," ती खणखणीत म्हणाली. "मला कॅन्सर हाय. तुमच्या डाक्टरनी गोळ्या दिल्या. गुणमाला मदन चौगुले माझं नाव. शिक्का मारा."

कंपाउंडर अर्ज घेऊन आत गेला. कोपऱ्यातली बाई नंबर यायच्या आधीच उठली, पिशवी काखेला मारली आणि हिच्याकडे न बघता बाहेर पडली.

गुणमाला तिच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसली आणि पोचेची वाट बघू लागली.