वाटणारीवरच आळ

मी मेमरी वाटणारी एक आज्ञावली बोलतेय. फ्रान्समध्ये शिकताना उल्फाने मला लिहिलं आणि पदवीबरोबर मलाही समुद्रापलीकडे आपल्या गावी, स्फाक्सला, घेऊन आली. वाटलं होतं, इथल्या रुग्णवाहिका केंद्रात आता एकही हाक वाया जाणार नाही. आल्यावर कळलं, इथे सगळ्या रोगांवर एकच औषध आहे : मशीन बंद करा, चालू करा.

माझं काम साधं. सगळं मशीन चालवणाऱ्या युनिक्सकडून मेमरीचा मोठा गठ्ठा घ्यायचा, तुकडे करून मागेल त्या आज्ञावलीला द्यायचे, काम झालं की परत घ्यायचे. पण कुणी परत दिले तर ना!

फोन नोंदवणारी आज्ञावली केंद्रप्रमुख मुन्सिफ, इथल्या अदबीच्या रीतीने ‘सी’ मुन्सिफ, यांनी स्वतः लिहिलेली. आमच्याकडे एका म्हाताऱ्याला चक्कर आली की मुलगा फोन करतो, जावई करतो, शेजारीण करते आणि समोरचा दुकानदारही. ही आज्ञावली दर फोनला माझ्याकडून एक तुकडा घेते. मग रुग्ण एकच आहे म्हणून एक नोंद ठेवते, बाकीच्या टाकते. त्यांचे तुकडे मात्र गिळून बसते.

हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण जेवायला उठताना सी मुन्सिफ रोज मशीन बंद करून चालू करायचे. पाटी कोरी! मग रमजान आला. दुपारचं जेवण नाही, म्हणून बंद-चालूही नाही. पहिल्याच संध्याकाळी, घर गाठायला लोक गाड्या भरधाव हाकत असताना, माझ्याकडचं सगळं संपलं. युनिक्सने गाशा गुंडाळला, मशीन बंद पडलं. पडद्यावर शेवटचं नाव माझं. झालं, चोर सापडला!

"उल्फा, पोरी, तुझ्या फ्रेंच सुनेला पहिल्याच रोज्याला फेफरं आलं! काढ तिला!" सी मुन्सिफ गरजले.

"सी मुन्सिफ, ती मागेल त्याला देते. परत कोण करत नाही, ते बघा."

"माझी आज्ञावली गेल्या ईदपासून बिनबोभाट चालतेय!"

"चालतेय कुठे? रोज दुपारी तुम्ही तिला उठवताय."

फोनवर बसणाऱ्या सलवाताई म्हणाल्या, "अगं, उपाशी माणसाशी वाद घालू नये. आधी खजूर खाऊ दे त्यांना."

हसू कुणालाच आलं नाही. गाबेस गावाकडच्या रस्त्यावरून अपघाताचे फोन आले होते आणि नोंदच न झाल्याने आमची गाडी निघालीच नव्हती. जखमी माणसाला लोकांनी मासळीच्या टेम्पोतून नेलं. तो वाचला. पुढचा वाचेलच असं नाही.

उपास सुटल्यावर उल्फाने मला नवी सवय लावली : प्रत्येक तुकड्यावर घेणाऱ्याचं नाव लिहायचं. थोड्याच वेळात पडदाभर एकच नाव झालं, फोन नोंदवणारीचं. सी मुन्सिफ यांनी पडद्याकडे पाठ केली.

"बरं, दुपारच्या नमाजाला बंद-चालू करत जाऊ. दुरुस्ती ईदनंतर."

ईदनंतर! अहो माणसांनो, दुखणं बरं करण्यापेक्षा ते विसरणं तुम्हांला इतकं का आवडतं? मला खुशाल शिव्या घाला, पण घेतलेलं परत करा. मी काही जास्त मागत नाही.

सकाळी उल्फा सी मुन्सिफ यांच्या आधी आली. तिने त्यांची आज्ञावली थांबवली आणि भिंतीला मोठा फळा टेकवला.

"दुरुस्ती होईपर्यंत फोन यावर लिहायचे. ती चालू होणार नाही."

"आणि ते आले की?" सलवाताईंनी विचारलं.

"त्यांनाही खडू द्या."