शिशाचा पेरू

घड्याळजी मनोऱ्याच्या माळ्यावर उताणा पडून लंबकाच्या बुडाला तेलाचा फडका मारत होता, तेव्हा त्याच्या बोटांना तो आकडा लागला. पितळेचा, करंगळीएवढा. त्यानं हात थांबवला, पुन्हा चाचपून पाहिलं. आकड्याची आतली बाजू झिजून गुळगुळीत झालेली. म्हणजे रोज काहीतरी अडकवत होते आणि रोज काढत होते. लंबकाच्या खाली आकड्याचं काय काम?

"मेलेलं कबूतर आहे का हो?" नाकाला रुमाल लावून दारात उभा असलेला नगरपालिकेचा कारकून म्हणाला.

"कबूतर नाही. भानगड आहे."

"तुम्हाला कुठं नाही दिसत भानगड? आटपा आता. पाचला टोल पडले पाहिजेत. साहेब खाली ऐकायला उभे राहणार आहेत."

"साहेबांना सांग, घड्याळ बावीस वर्षं झोपलंय. तुला एका रात्रीच्या झोपेतून उठायला किती वेळ लागतो?"

गावानं त्याला शंकासुर नाव ठेवलं होतं ते उगाच नाही. पाव विकत घेतला तरी हा उलटा करून बघणार. त्यात सगळ्यात जास्त शंका काचकारखान्याच्या मोठ्या शेठवर. शेठ जाऊन पन्नास वर्षं झाली, कारखान्याला कुलूप लागूनही बावीस झाली, तरी चहाच्या टपरीवर ह्याचं चालूच. शेठनं गावाला दवाखाना दिला, शाळा दिली, नळाचं पाणी दिलं, हा मनोरा दिला. "एवढं देणाऱ्यानं आधी घेतलं किती असेल, तेही बघा की," हा म्हणायचा. लोक म्हणायचे, पुरावा दाखव. तिथं ह्याची गाडी अडायची. कारखान्यात खिशात घड्याळ न्यायला बंदी होती, फाटकावर काढून ठेवावं लागायचं, एवढं म्हाताऱ्या कामगारांकडून ऐकलेलं. चोरी नव्हती तर बंदी कशाला, असं विचारून हा उरलेला चहा एका घोटात संपवायचा.

आणि उद्या सभा होती. दवाखान्याची नवी इमारत उभी राहिली होती. तिच्यावर शेठचं नाव ठेवायचं की काढायचं, ते गाव ठरवणार होतं. काढा म्हणणाऱ्यांकडून बोलायला हाच उभा राहणार होता, रिकाम्या हातानं.

त्यानं कोपऱ्यातली हत्यारांची पेटी ओढली. गंजलेले पाने, तेलाची वाळलेली बुधली, आणि सगळ्यात खाली गोणपाटात गुंडाळलेलं शिशाचं एक वजन. चांगलं पाच किलोचं. खाली गोल, वर निमुळतं, डोक्याला कडी. त्यानं ते उचलून आकड्याला अडकवलं. टक्कन बसलं, जसं काही कालच काढलं होतं.

मग मनगटावरच्या घड्याळावर नजर लावून त्यानं लंबकाचे झोके मोजले. वजन काढून पुन्हा मोजले. कारकून तोपर्यंत पायरीवर बसून दोन जांभया देऊन मोकळा झाला होता.

"बारा तासांच्या पाळीला पंधरा मिनिटं," घड्याळजी म्हणाला.

"काय पंधरा मिनिटं?"

"सकाळी हे अडकवायचं. मग घड्याळ दिवसभर रेंगाळणार. सुटीचा भोंगा ह्याच घड्याळावर. माणसं भट्टीपुढं रोज पाव तास जास्त उभी, आणि कुणाला पत्ता नाही. बाराशे माणसं, बाबा!"

कारकुनानं नाकावरचा रुमाल काढला. "आयला! म्हणजे तुम्ही बोलत होता ते खरं?"

घड्याळजीला नाचावंसं वाटत होतं. चाळीस वर्षं लोकांनी ह्याला वेड्यात काढलं होतं. वजन मांडीवर घेऊन तो ते लहान मुलासारखं थोपटत होता.

"पण रोज इथं चढून अडकवायचं कोण?" कारकुनानं साधंच विचारलं. "तेव्हा चावी द्यायला कोण होतं?"

थोपटणारा हात थांबला. घड्याळजीनं वजन गोणपाटात गुंडाळलं, पिशवीत टाकलं, घड्याळ सुरू केलं, काटे जुळवले आणि जिना उतरला.

चावी द्यायला त्याचा आजोबा होता. सलग एकतीस वर्षं.

घड्याळजीचं दुकान म्हणजे पुढं काम करायची खोली आणि मागं राहायची. ही जागा शेठनंच आजोबाला दिलेली, इमानदारीनं चाकरी केली म्हणून. मागच्या खोलीत आत्या मटार सोलत बसली होती. वय ब्याऐंशी. लग्न केलं नाही, ह्याची आई गेल्यावर ह्याला तिनंच वाढवलं. लहानपणी विषमज्वरात ती शेठच्या दवाखान्यात चाळीस दिवस होती आणि जगली. घरात शेठला कुणी नाव ठेवलं की तिच्या हातातली भांडी जोरात वाजायची.

त्यानं पिशवी टेबलावर ठेवली. धप्प आवाज झाला.

"काय आणलंस रे, दगड?"

त्यानं गोणपाट सोडलं. आत्या उठली, जवळ आली, आणि तिचा चेहरा दहा वर्षांच्या पोरीसारखा झाला.

"अगंबाई, माझा पेरू!"

"तुझा?"

"मी पेरूच म्हणायची ह्याला. बाबांचे गुडघे धरलेले असायचे. खाली वाकवायचं नाही. मग सकाळी मीच अडकवायची, संध्याकाळी भोंगा झाला की मीच काढायची. बाबा काटे तेवढे पुढं सरकवायचे."

घड्याळजी स्टुलावर बसला. "कशाला अडकवायचं, ते विचारलं नाहीस कधी?"

"विचारलं की. बाबा म्हणाले, दिवसा उन्हानं घड्याळ पळतं. त्याच्या पायात ओझं घालायला लागतं." तिनं पेरूवरची धूळ पदरानं पुसली. "शेठ किती काटेकोर होता बघ. उद्या सभेत मीच सांगते. तू बस तुझी भाषणं करत."

आत्या भरल्या सभेत उभी राहून हे अभिमानानं सांगणार, आणि शाळेत विज्ञान शिकलेलं कुठलंही पोर हसणार. उन्हानं लोखंडाची दांडी लांबते. लांब लंबक सावकाश हलतो. उन्हानं घड्याळ पळत नाही, मागं पडतं. आजोबाला हे माहीत नसेल असं होणारच नाही.

"पळतं ना रे उन्हानं?" आत्यानं विचारलं.

हवा होता तो पुरावा समोर पडला होता. त्यानं टेबलावरचा एक बारीक स्क्रू उचलला, बघितला, परत ठेवला.

"पळतं, आत्या," तो म्हणाला. "पण तू कशाला दगदग करतेस सभेची? गर्दी असते."

आत्या त्याच्याकडं बघत राहिली.

"चाळीस वर्षं बघतेय," ती म्हणाली. "दर उन्हाळ्यात तू भिंतीवरच्या त्या मोठ्या घड्याळाचा लंबक दोन फेरे वर चढवतोस. मागं पडतंय म्हणून पुटपुटत. म्हातारी झालेय, आंधळी नाही."

तो खाली बघत पुन्हा तोच स्क्रू चाचपायला लागला.

"बाबांनीही अशीच मान खाली घालून सांगितलं होतं. अस्संच." ती परत मटारांपाशी जाऊन बसली, पण सोलायला हात लावला नाही. "दहा वर्षांची होते, पटलं. पंचवीसची झाले तेव्हा नाही पटलं. तोवर शेठनं दिलेल्या ह्या घरात राहून पंधरा वर्षं झाली होती, मग उन्हाचंच सांगत आले."

"आत्या, मी उद्या बोलतच नाही. कारकुनाला काहीतरी सांगून—"

"बोलणार कसा नाहीस? एवढी वर्षं टपरीवर घसा कोणासाठी फोडलास?" ती कडाडली. मग आवाज खाली आला. "दवाखान्यात मला जगवलं ते सांगीन. डॉक्टर रात्रभर उशाशी बसायचा, तेही सांगीन. आणि पेरू सभेतल्या टेबलावर ठेवून सांगीन, हा रोज सकाळी कुणी अडकवला. नावाचं काय करायचं ते करू देत. पिशवी आण इकडं."

"जड आहे. मी उचलतो."

"मी दहा वर्षांची असताना उचलायची."

त्यानं पिशवी तिच्यापुढं ठेवली. तेवढ्यात बाहेर टोल पडायला लागले. बावीस वर्षांनी. रस्त्यावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आत्या ओठ हलवत मोजत होती. पाचवा टोल पडला, आणि मनगटावरची वेळ ताडायला घड्याळजीचा हात आपोआप वर आला.

आत्यानं ते पाहिलं. "तूच लावून आलास ना रे आत्ता?"

"हो."

"मग?"

त्यानं बाही खाली ओढली.

"बघत जा," आत्या म्हणाली. तिनं पेरू दोन्ही हातांनी उचलून पिशवीत ठेवला आणि पिशवीच्या तोंडाला गाठ मारली.