भिंगरीचा चेंडू

चष्म्याच्या काडीचा स्क्रू बसवता बसवता त्याने मान वर केली, तर दुकानाच्या दारात पांढऱ्या केसांची एक उंच परदेशी बाई काठी टेकून उभी होती. तिला चष्मा नको होता. मोडक्या उच्चारात तिने एकच शब्द विचारला, “भिंगरी?”

हे नाव त्याने आयुष्यात एकदाच ऐकलं होतं. लग्नात, बायकोच्या मैत्रिणींच्या तोंडून. स्क्रू डबीत टाकून त्याने दुकानाचं दार ओढून घेतलं आणि बाईंना सांभाळून वरच्या मजल्यावर, घरी नेलं.

बायको पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. पाहुण्या बाईंना पाहताच तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. मग दोघी अशा काही हसल्या, की आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरलो की काय, असं त्याला वाटलं.

बायको देशाकडून क्रिकेट खेळली होती हे त्याला ठाऊक होतं, पण ते तेवढंच. एक मालिका ती खेळली, त्यात गाजली, आणि पुढे बायकांच्या संघाला वर्षानुवर्षं कुणी कुठे धाडलंच नाही. पुन्हा संघ निघाला तोवर तिच्या पदरात दोन मुलं होती, टपाल कचेरीतली नोकरी होती, आणि निवड करणाऱ्यांत तिचं नाव आठवणारं कुणी उरलं नव्हतं. तिने कधी कुरकूर केली नाही, म्हणून त्यानेही कधी खोदून विचारलं नाही.

आता चहा घेता घेता त्याला एकेक कळत गेलं. या बाई त्या वेळी समोरच्या संघाच्या कर्णधार होत्या. त्यांना बाद करताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ यायचे. त्यांचा त्रिफळा भिंगरीने उडवला होता. त्यानंतर बाई पुष्कळ खेळल्या, नावाजल्या, आणि या देशाशी सामना असला की आधी भिंगरी कुठे दिसते का ते बघायच्या. आता नातीबरोबर फिरायला आल्या होत्या, पण नातीला हॉटेलात ठेवून पत्ता शोधत त्या एकट्याच निघाल्या होत्या.

“तो चेंडू मी अजून झोपेत खेळते,” त्या म्हणाल्या. मग काठी बॅटसारखी धरून हसल्या. “पण खेळपट्टीला तडा गेला होता, बरं का. त्या तड्याने माझा घात केला.”

“हो ना,” बायको म्हणाली. “नशीब माझं.”

निघताना दोघींनी एकमेकींना बराच वेळ मिठीत धरलं. बाईंना टॅक्सीत बसवून तो वर आला आणि गमतीने म्हणाला, की त्या तड्याचे आभारच मानायला हवेत.

तिने पलंगाखाली वाकून नातवाचा रबरी चेंडू काढला.

“अहो, तिथे उभे राहा. दाराला पाठ लावून.”

गुडघ्यांवर हात ठेवून उठणारी त्याची बायको दोन आखूड पावलं पुढे आली. हात डोक्यावरून फिरला, मनगट वळलं. चेंडू त्याच्या डाव्या पायाच्या पार बाहेर पडला. झेलायला तो तिकडे झुकला, तोवर चेंडू त्याच्या उजव्या नडगीजवळून आत वळून दारावर आपटला होता.

तो खाली बसला. फरशीवरून तळवा फिरवून पाहिला. गुळगुळीत होती.

“तडा नव्हताच?”

“नव्हता.”

“मग बोलली का नाहीस?”

ती कपबशा गोळा करू लागली.

“इतकी वर्षं त्यांनी तो चेंडू जपला. एवढा तर इथेही कुणी जपला नाही. कसा जपायचा, ते त्यांचं त्यांनी ठरवावं.”

त्याने तिच्या हातातल्या कपबशा काढून घेतल्या, टेबलावर ठेवल्या आणि चेंडू तिच्या तळहातावर दिला. मग पुन्हा दाराशी जाऊन उभा राहिला. या वेळी गुडघे वाकवून.

“टाक,” तो म्हणाला.